प्राणवायू आला, उत्तर कोठे आहे?

रुग्णालय बरे झाले असे केव्हा म्हणावे? भिंतींस नवा रंग लागला, दारावर नवा फलक चढला, मंत्रिमहोदयांच्या हस्ते फीत कापली गेली आणि परिचारिकांच्या हाती शाल-श्रीफळ पडले, म्हणजे रुग्णालय बरे झाले काय? बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयासंबंधी राज्यकर्ते ज्या उत्साहाने बोलतात तो पाहता त्यांचा तरी तसा समज झालेला दिसतो. नवे विभाग उघडले, नवी यंत्रे आली, याचा आनंद आम्हांसही आहे. १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत पणजीस निघालेल्या वैद्यकशाळेची परंपरा सांगणारी ही संस्था भरभराटीस यावी असे कोणास वाटणार नाही? परंतु नवे वस्त्र नेसल्याने ज्वर उतरत नाही. या रुग्णालयाच्या अंगी एक जुना ज्वर अद्याप आहे, आणि त्याचे नाव आहे मे २०२१.

वाचकहो, त्या दिवसांची उजळणी करणे कोणासच सुखाचे नाही. तरीही ती केली पाहिजे. ११ मे २०२१ रोजी उत्तररात्री दोनपासून पहाटे सहापर्यंतच्या चार तासांत या रुग्णालयात २६ रुग्ण दगावले. ही वार्ता कोणा विरोधकाने उठविलेली नव्हती. खुद्द आरोग्यमंत्री विश्वजीत राणे यांनीच ती सांगितली आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. १,२०० जंबो सिलिंडरांची गरज असता केवळ ४०० मिळाले, हेही त्यांचेच म्हणणे. त्याच दिवशी मुख्यमंत्री प्रमोद सावंत रुग्णकक्षांत जाऊन आले आणि त्यांनी सांगितले की राज्यात प्राणवायूचा तुटवडा नाही, तो कक्षापर्यंत पोहोचण्यात अंतर पडत असावे. एक मंत्री म्हणतो वायू नाही, दुसरा म्हणतो वायू आहे पण पोहोचत नाही. आणि दोघे बसतात एकाच मंत्रिमंडळात! त्यानंतरच्या रात्रीही पहाटेचा तो घातकाळ टळला नाही. पाच दिवसांत असा आकडा ऐंशीपलीकडे गेला. यांतील प्रत्येक जण प्राणवायूअभावीच गेला असे आम्ही म्हणत नाही. किती जण त्यामुळे गेले आणि कोणाच्या हयगयीने गेले, एवढेच आम्ही विचारतो.

हा प्रश्न गूढ शास्त्राचा नाही, साध्या अंकगणिताचा आहे. एका जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू मावतो. अत्यवस्थ रुग्णास उच्च प्रवाहाच्या नळीने मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्राणवायू लागतो. म्हणजे एक अख्खा सिलिंडर एकट्या रुग्णास दोन तासही पुरत नाही. असे शेकडो रुग्ण निजलेले, आणि सिलिंडर यायचे ट्रॉलीवर लादून, ट्रॅक्टरने ओढून! एक ट्रॉली काढून दुसरी जोडायची, नळ्या बसवायच्या, तोवर नलिकेतील दाब खाली येणार हे इयत्ता सातवीच्या मुलासही कळावे. ट्रॅक्टर वळविण्यात आणि सिलिंडर जोडण्यात अडचणी येतात हेच कारण न्यायालयापुढे मांडण्यात आले. ज्या शासनाने एकविसाव्या शतकात माणसाचा श्वास ट्रॅक्टरचालकाच्या कौशल्यावर टांगला, त्या शासनाने आपल्या कारभाराची बढाई कोणत्या तोंडाने मारावी?

आणि उपाय तरी काय हिमालयात दडून बसला होता? द्रवरूप प्राणवायूचा एक लिटर उघडला की त्याचा सुमारे ८६० लिटर वायू होतो. म्हणजे २०,००० लिटरची एक टाकी चोवीसशेहून अधिक जंबो सिलिंडरांचे काम करते, आणि तिला ना ट्रॅक्टर लागतो ना ट्रॉली. न्यायालयाने कान उपटले, प्राणवायूअभावी यापुढे एकही रुग्ण दगावता कामा नये असे बजावले, आणि त्याच मे महिन्यात ती टाकी बांबोळीस उभी राहिली. आमचा सवाल एवढाच की, जी टाकी मृत्यूंनंतर काही दिवसांत बसते ती मृत्यूंपूर्वी वर्षभरात का बसू शकली नाही? पहिली लाट २०२० साली येऊन गेली होती. निवासी डॉक्टरांच्या संघटनेने तुटवड्याविषयी लेखी गाऱ्हाणे अधिष्ठात्यांकडे नेले होते. शासनास ठाऊक नव्हते असे नाही. शासनास घाई नव्हती, एवढेच खरे.

केवळ गोव्यास दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या घरचे ते झाकावे आणि शेजाऱ्याचे तेवढे चव्हाट्यावर मांडावे ही आमची रीत नव्हे. त्याच २०२१ च्या २१ एप्रिलला महाराष्ट्रात नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि २२ हून अधिक रुग्ण गेले. मेच्या आरंभी कर्नाटकात चामराजनगरच्या जिल्हा रुग्णालयात रातोरात २४ जण दगावले. तीन राज्ये, तीन निरनिराळे कारभार, आणि मरणाची तऱ्हा एकच. यावर कळस असा की, २० जुलै २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी राज्यसभेस सांगितले की प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी निश्चितपणे कळविलेले नाही. बाई स्वतः नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या खासदार होत्या! राज्यांनी लिहिले नाही म्हणून केंद्राने वाचले नाही, आणि कोणी वाचत नाही म्हणून राज्यांनी लिहिले नाही. मेलेल्या माणसास कागदावरूनही हद्दपार करण्याची ही युक्ती इंग्रजांनाही सुचली नसती.

काही शहाणे आम्हांस सांगतात की, झाले गेले गंगेस मिळाले, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, आता जुनी खपली कशास काढता? यावर आमचे उत्तर असे की, जखम धुतल्यावाचून जी खपली धरते तिच्याखाली पू साठतो. चौकशीसाठी समिती नेमली गेली होती हे आम्ही विसरलो नाही. परंतु समिती नेमणे हे उत्तर नव्हे, उत्तराकडे जाणारी ती पहिली पायरी होय. ज्या घरातील कर्ता त्या पहाटे गेला, त्या घराच्या उंबऱ्याशी येऊन कोणी जबाबदार माणसाने ‘आमच्याकडून हे चुकले’ असे म्हटल्यावाचून हे प्रकरण मिटणार नाही.

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. आमचा रोख डॉक्टरांवर नाही, परिचारिकांवर नाही, सफाई कामगारांवर तर नाहीच नाही. घामाने चिंब झालेल्या त्या संरक्षक पोशाखात ज्यांनी रात्री काढल्या त्यांचे ऋण फिटणारे नाही. पण राज्यकर्ते ते कसे फेडतात पाहा. २०२५ च्या जूनमध्ये याच रुग्णालयात आरोग्यमंत्र्यांनी एका डॉक्टरास चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर फैलावर घेतले आणि तेथल्या तेथे निलंबनाचे फर्मान सोडले. डॉक्टरमंडळी एकजुटीने उठली, मुख्यमंत्र्यांनी ते निलंबन फिरविले, मंत्र्यांस क्षमा मागावी लागली. एका कथित उद्धट शब्दासाठी एका क्षणात निलंबन. आणि त्या पहाटांसाठी? ज्या तराजूत डॉक्टरचा शब्द इतका जड आणि मंत्र्याची हयगय इतकी हलकी भरते, तो तराजूच मोडीत काढला पाहिजे.

आता दुसरी गोष्ट, आणि ती आम्हां सीमेवरील माणसांच्या जिव्हाळ्याची आहे. बांबोळीचे दार केवळ गोमंतकीयांचे नव्हे. दोडामार्गच्या, सावंतवाडीच्या, कारवारच्या माणसास मरणाच्या वेळी तेच जवळ पडते. कोल्हापूर दूर, आणि मध्ये घाट. तरीही १ जानेवारी २०१८ पासून परप्रांतीय रुग्णांकडून शुल्क घेण्याचा नियम झाला आणि सिंधुदुर्गात त्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. गोव्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. कर गोमंतकीयाने भरावा आणि खाट शेजाऱ्याने अडवावी, ही त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. परंतु हा हिशेब पणजी आणि मुंबई यांनी टेबलाशी बसून करावा. तो खाटेवर तडफडणाऱ्याच्या उशाशी बसून करण्याचा नाही. रहिवासाचा दाखला मागताना ज्याची नाडी बुडते, त्याच्या मृत्यूची नोंद कोणत्या राज्याच्या वहीत करावयाची?

सीमा म्हणजे काय असते हे साथीने उघडे करून दाखविले. २०२० च्या मार्चमध्ये कर्नाटकाने कासरगोडहून मंगळूरला जाणाऱ्या रस्त्यांवर मातीचे ढीग टाकले आणि नित्य मंगळुरास जाणारे रुग्ण अडकून पडले. अखेर केरळच्या उच्च न्यायालयास मध्ये पडावे लागले. २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांना आरोग्ययोजनेचा लाभ देऊ केला, तर कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना त्यात आक्रमण दिसले. औषध कोणत्या भाषेत लिहून दिले याची चौकशी रोग करीत नाही. ती करतात राज्यकर्ते. मराठी माणसास औषध मिळावे असे आम्ही म्हणतो, ते कन्नड अथवा कोंकणी माणसाचे काढून घ्यावे म्हणून नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि स्पष्ट आहेत. मे २०२१ मधील प्रत्येक मृत्यूचे कारण त्याच्या घरच्यांना, त्यांस कळेल अशा भाषेत, मराठीत आणि कोंकणीत, लेखी कळवावे. प्राणवायूच्या साठ्याची आणि दाबाची नोंद प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयाने रोज दर्शनी भागी लावावी, म्हणजे दुसरी पहाट उगवण्यापूर्वीच लोकांस ती दिसेल. अत्यवस्थ रुग्णास दारात रहिवासाचा दाखला विचारू नये. खर्चाचा मेळ शेजारी सरकारांनी वर्षअखेर आपसांत घालावा.

टाकी उभी राहिली, हे चांगले झाले. तिच्यासमोरून जाताना मात्र प्रत्येक मंत्र्याने एकदा वर पाहावे. ती टाकी जितकी उशिरा आली, त्या उशिराची किंमत कोणी मोजली हे बांबोळीच्या आवारात रात्र जागून काढलेल्या नातलगांना पाठ आहे. ती राज्यकर्त्यांच्याही पाठ होईपर्यंत हा प्रश्न आम्ही पुनःपुन्हा विचारीत राहू.