डबा स्वस्त, पान महाग

टोरांटोच्या एटोबिको भागातल्या मराठी घरात प्रिंटर रोज लागत नाही, पण लागतो तेव्हा अगदी तातडीनं लागतो. ओसीआयचा अर्ज ऑनलाइन भरला तरी छापून, सही करून पाठवायचा असतो. पुण्याचा फ्लॅट विकायचा तर कुलमुखत्यारपत्राचे कागद छापून साक्षांकित करून घ्यावे लागतात. शाळेचा प्रकल्प मुलांना हमखास रविवारी रात्री आठवतो. महिन्याला चार-सहाच पानं लागत असतील तर यंत्र घेऊच नका, अल्बियन रोडच्या सार्वजनिक वाचनालयात छापून मिळतं. त्याहून जास्त लागत असतील तर साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्या. रंगीत नको, आणि इंकजेट तर नकोच.

इंकजेट घरात बसतो तो दुकानातल्या किमतीमुळे. पण त्याची शाई ओली असते, आणि आपल्याकडे हिवाळाभर फर्नेस चालू. त्या कोरड्या हवेत दोन महिने न वापरलेल्या यंत्राची बारीक छिद्रं सुकून बसतात. मग ते स्वतःला साफ करायला लागतं आणि त्यातही शाईच खर्च होते. लेझरमध्ये सुकण्यासारखं काही नाही. टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक भुकटी. विद्युतभार दिलेल्या ड्रमवर लेझर अक्षर उमटवतो, भुकटी तिथं चिकटते, कागदावर उतरते आणि सुमारे 200 अंशांच्या रुळाखाली वितळून पक्की होते. या कोरड्या छपाईचे जनक चेस्टर कार्लसन यांनी 1938 साली न्यूयॉर्कमध्ये पहिली प्रत काढली तीही कोरड्या भुकटीनंच. एचपीचा पहिला लेझरजेट 1984 मध्ये आला तेव्हा 3,495 डॉलरचा होता. आज तेच तंत्र घराच्या टेबलावर परवडतं.

पण खोक्यावरची किंमत पाहून निवडू नका. आधी त्या मॉडेलच्या टोनरची किंमत बघा आणि तो किती पानं देतो ते बघा. ब्रदरच्या या वर्गातल्या टीएन-730 मध्ये 1,200 पानं निघतात, टीएन-760 मध्ये 3,000. टोनर 100 डॉलरला पडून 3,000 पानं देत असेल तर पान साडेतीन सेंटांच्या आत येतं. हे आकडे पानाचा पाचेक टक्के भाग काळा धरून काढलेले असतात, गच्च भरलेल्या पानांना कमी पडतील. नव्या यंत्रासोबत येणारा टोनर बहुधा अर्धामुर्धाच भरलेला असतो, तोही हिशेबात धरा. ब्रदरमध्ये ड्रम वेगळा विकत मिळतो, एचपी आणि कॅननच्या छोट्या यंत्रांत तो बहुधा कार्ट्रिजमध्येच असतो. दोन्ही पद्धती चालतात. खर्च मात्र दोन्हींचा मांडून बघा.

एका गोष्टीवर माझं मत ठाम आहे. इंटरनेट आणि कंपनीचं खातं असल्याशिवाय न चालणारं यंत्र घरात आणू नये. एचपीच्या एम209डीडब्ल्यूईसारख्या, नावाच्या शेवटी ‘ई’ असलेल्या लेझर मॉडेलांना एचपी प्लसची अट आहे: नेट कायम जोडलेलं हवं आणि टोनर कायम एचपीचाच हवा. पैसे आपण मोजायचे आणि कुठली भुकटी घालायची ते कंपनीनं ठरवायचं, हे मला मान्य नाही. जुनं यंत्र किजीजीवर घेताना तर हे आधी बघा. विकणाऱ्याला यंत्राच्या मेनूतून सेटिंग्जचं पान छापायला सांगा. आजवर किती पानं छापली, ड्रमचं किती आयुष्य उरलं, हे बहुतेक यंत्रं त्यावर सांगतात.

पानावर उभा फिका पट्टा आला की लगेच नवा टोनर मागवायची घाई नको. कार्ट्रिज बाहेर काढून आडवं धरा, डावीकडून उजवीकडे पाच-सहा वेळा हलवा आणि परत बसवा. एका बाजूला साचलेली भुकटी पसरते आणि बरीच पानं आणखी निघतात. एटोबिकोतल्या जुन्या बंगल्यांत आणखी एक सांभाळा: रूळ तापताना यंत्र एकदम बरीच वीज ओढतं, म्हणून खोलीच्या हीटरच्या पॉवर बारवर ते लावू नका.

भारतातून आलेली पीडीएफ ए-फोर मापाची असते आणि इथला कागद लेटर, म्हणजे थोडा रुंद पण जवळजवळ पाऊण इंच आखूड. ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’वर छापलं तर खालची ओळ, कित्येकदा सहीची जागाच, कापली जाते. ‘फिट’ निवडा. सातबाऱ्यासारख्या देवनागरी कागदात जोडाक्षरं फुटली तर अ‍ॅक्रोबॅटच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकीत ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’वर खूण करा. छापायला थोडा वेळ जास्त लागेल, पण रफार आणि वेलांट्या जागच्या जागी राहतील.