अमजद खान नावाची फाईल

जुलै 2021 मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत एक आरोप केला. 2016-17 मध्ये ते खासदार असताना पोलीस त्यांचा फोन ऐकत होते आणि कागदोपत्री त्या नंबरचा मालक 'अमजद खान' दाखवला होता. कारण दिले होते अमली पदार्थांचे. सरकारने चौकशी समिती नेमली. फेब्रुवारी 2022 मध्ये पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. आमदार बच्चू कडू यांच्या नंबरपुढे 'निजामुद्दीन बाबू शेख' असे नाव होते, अशा बातम्याही आल्या. पुढे सरकार बदलले, पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला आणि सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. म्हणजे आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तरीही त्यातली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. खासदाराचा फोन ऐकायचा म्हटले तर मंजुरीच्या टेबलावर चार प्रश्न विचारले जातील. अमजद खानचा ऐकायचा असेल तर कोणी मान वर करून पाहणार नाही, असा हिशेब त्या आरोपात गृहीत आहे. आणि हा हिशेब आपल्यापैकी कोणालाच अशक्य वाटला नाही. पेपर वाचताना कोणाला 'शोले'तला गब्बर आठवला असेल. आपल्या घरांत लोकांना आपापला मुलगा आठवला.

जुन्नर, मंचर, घोडेगावहून येणाऱ्या पत्रांत हा विषय वरचेवर असतो. मंचरच्या एक भगिनी लिहितात की घरातल्या मुलांना त्यांचे अब्बा फोनवर राजकारणाचे अक्षर काढू देत नाहीत. दुबईहून मामूंचा फोन आला की मुले खैरियत विचारतात आणि फोन ठेवून देतात. जुन्नरच्या एका बुजुर्गांचे म्हणणे नेमके उलटे आहे. आपण काही केलेच नाही तर ऐकेनात का, आपले काय बिघडते?

आधी या बुजुर्गांचे घेऊ, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. 13 फेब्रुवारी 2010 रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि 17 माणसे गेली. आपल्या दोन्ही तालुक्यांतली मुले त्याच पुण्यात शिकतात, नोकरी करतात. असा कट आधी कळावा, हे सरकारचे काम आहे आणि त्यासाठी काही फोन ऐकावेच लागतील. पाळतीचे म्हणाल तर आपल्याकडे लोक स्वतःहून कॅमेरा मागतात. बिबट्या दिसला की गावकरी वनखात्याकडे धाव घेतात, कॅमेरे लावा, पिंजरा लावा म्हणून. त्या कॅमेऱ्याची भीती कोणाला वाटत नाही, कारण तो कुठे लावला आहे, कोणी लावला आहे आणि कशासाठी, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. बिबट्या पकडला गेला तर तो माणिकडोहला नेला, हेही कळते. फोनच्या बाबतीत यातले काहीच कळत नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. इंग्रजांच्या 1885 च्या तार कायद्याची जागा आता 2023 च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे आणि फोन ऐकण्याचे नवे नियम डिसेंबर 2024 मध्ये आले. राज्यात हुकूम गृहसचिव देतात. तो 60 दिवस चालतो, वाढवत 180 दिवसांपर्यंत नेता येतो. हुकूम योग्य होता की नाही हे एक समिती पाहते. तिच्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृहखाते सोडून आणखी एक सचिव. म्हणजे मागणारे सरकारी, देणारे सरकारी, तपासणारेही सरकारी. ज्याचा फोन ऐकला त्याच्यावर खटला झालाच नाही, तर त्याला ही गोष्ट जन्मात कळत नाही. कळले नाही तर तक्रार कुठली?

ही उणीव नवी नाही. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात फोन टॅपिंगचा गाजलेला खटला चालला, तेव्हा याचिकाकर्त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते राजिंदर सच्चर. होय, ज्यांच्या समितीचा 2006 चा अहवाल आपल्या घराघरांत ठाऊक आहे तेच. फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी असावी, असा त्यांचा आग्रह होता. कायद्यात तशी तरतूद नसल्याने आम्ही ती घालू शकत नाही, असे न्यायालय म्हणाले आणि सचिवांच्या समितीवर भागले.

त्या समितीचे काम कसे चालते, हे दुसऱ्या एका ओळखीच्या माणसाने लिहून ठेवले आहे. मुंबई दंगलीच्या चौकशीमुळे न्या. श्रीकृष्ण हे नाव आपण विसरू शकत नाही. 2018 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नागरिकांच्या खासगी माहितीविषयी अहवाल दिला. त्यात म्हटले आहे की ही आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढे 15,000 ते 18,000 हुकूम असतात. बैठक सलग आठ तास चालली, मधे चहासुद्धा नाही, असे धरले तरी मिनिटाला तीसहून जास्त हुकूम होतात. या वेगात अमजद खान कोण, हे कोण विचारणार? गुप्तचर कामावर देखरेखीचा कायदा करा, असे श्रीकृष्ण समितीने सुचवले होते. अजून झालेला नाही.

हे सारे परदेशात नीट चालते असे नाही. अमेरिकेने आपल्या नागरिकांच्या फोनची माहिती कशी गोळा केली ते 2013 मध्ये जगाने पाहिले. पण तिथल्या पोलिसांना साध्या गुन्ह्यासाठी फोन ऐकायचा तर 1968 च्या कायद्याप्रमाणे न्यायाधीशाचा हुकूम लागतो, आणि ऐकणे थांबल्यावर 90 दिवसांच्या आत त्या माणसाला कळवावे लागते. न्यायाधीश फार तर ती मुदत लांबवू शकतो.

काय बिघडते, याचे उत्तर 11 जुलै 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात आहे. 2015 मध्ये 12 जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी. 21 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. या खटल्यात फोनच्या नोंदी आरोपींनाच हव्या होत्या. आपण कुठे होतो, कोणाशी बोललो, हे त्यातून दिसेल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मिळवण्यासाठी त्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्याने काही केले नाही त्यालासुद्धा आपल्याच फोनची माहिती सहज मिळत नाही, आणि ती पोलिसांकडे असते.

कुरआनमध्ये सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत संशय, दुसऱ्याची टेहळणी आणि पाठीमागे निंदा या तिन्हींची मनाई एकत्र आली आहे. हजरत उमर (रजि.) रात्री गस्त घालताना भिंत चढून एका घरात उतरले, त्याची रिवायत आपण मुलांना सांगतो. घरातला माणूस दारू पीत होता. तो म्हणाला, माझा गुन्हा एक, पण अमीरुल मोमिनीन, आपले तीन: टेहळणी केलीत, दाराऐवजी भिंतीवरून आलात, परवानगी न घेता आणि सलाम न करता आलात. खलिफा निघून गेले. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाच प्रकरणात साधारण तसेच केले: फोन ऐकण्याचे हुकूम कायद्यात बसत नाहीत म्हणून ते रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितले.

मंचरच्या भगिनींना एवढेच सांगू की मामूंशी मुलांना पोटभर बोलू द्या. जपायचेच तर सिमला जपा. एकाच्या आधारवर भावाने, भाच्याने, दुकानातल्या कामगाराने घेतलेली सिम आपल्याकडे सर्रास असतात. सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसते. ओळखीचा नसेल तो तिथूनच बंद करायला सांगता येतो. कागदावरचे नाव तरी आपल्या हातात ठेवावे.

जुन्नर आणि आंबेगावच्या आमदारांकडे करण्यासारखी एक मागणी आहे. आपल्याच राज्याच्या 1999 च्या मोक्का कायद्यात कलम 27 आहे. त्या कायद्याखाली फोन ऐकण्याचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले, त्यातून किती खटले उभे राहिले, याचा वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठेवायचा, असे ते सांगते. दूरसंचार कायद्याखाली राज्याचे गृहसचिव जे हुकूम देतात, त्यांचा आकडाही तसाच सभागृहात यावा. त्यात कोणाचे नाव फुटत नाही, की कुठला तपास बिघडत नाही. पक्ष कोणताही असो, पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न लावा, असे लेखी निवेदन जमातीने दोघांनाही द्यावे. आणि निवेदनावर सह्या फक्त आपल्याच मोहल्ल्यातल्या नसाव्यात, कारण पटोले आणि कडू काही आपल्या मोहल्ल्यातले नव्हते.