काखेत कळसा, गावाला वळसा

भंडारा जिल्ह्यातील दिघोरीच्या विद्यार्थ्याने चित्रफीत मागितली, की ती ‘जवळच्या’ सर्व्हरवरून येते, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु ही जवळीक कोसांत मोजली जात नाही! डीएनएस यंत्रणेने दिलेला पत्ता, सर्व्हरवरील भार आणि कंपन्यांमधील करार यांवर विनंतीचा मार्ग ठरतो. करार नसेल, तर ती नागपूर ओलांडून थेट मुंबई गाठू शकते. देशांतर्गत वाहतूक परदेशातून फिरू नये, म्हणून २००३ मध्ये ‘निक्सी’ ही विनिमय संस्था स्थापन झाली. तीच दृष्टी देशाच्या आतही नको काय? गावोगावी केवळ प्रकाशतंतू अंथरून भागणार नाही. नागपूरसारख्या शहरांतील सर्व्हर सर्वच सेवादात्यांना खुले हवेत. अन्यथा ग्रामीण भारताच्या नशिबी वळसाच राहील!