तान्ह्याच्या सर्दीला मागची बाटली नको

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या आयाबायांनो, आणि मेडिकलवर जाणाऱ्या बापांनो, एक विनंती आहे. लेकराचं नाक वाहू लागलं की मागच्या खेपेची बाटली दाखवून "हेच द्या" म्हणू नका. लेबलावर उभी लाल रेघ दिसली, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. अनेकदा ते अँटिबायोटिक निघतं.

साधी सर्दी विषाणूंची. अँटिबायोटिक विषाणूंना काहीच करत नाही. ते जिवाणू मारतं आणि त्यात बाळाच्या आतड्यात नुकते वस्तीला आलेले भले जिवाणूही जातात. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. ते खाणं बायफिडोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंचं! त्यांच्याच संगतीत बाळाची प्रतिकारशक्ती शिकते, कुणावर तुटून पडायचं आणि कुणाला सोडायचं. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे शिक्षण सर्वांत जोरात चालतं. या काळात वारंवार अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांत पुढे दमा जास्त आढळतो. दोष दर वेळी औषधाचाच, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या 191 बाळांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. नवजात असताना अँटिबायोटिक दिलेल्या बाळांत न्यूमोकोकल (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धच्या) लसीनंतर तयार झालेली प्रतिपिंडं कमी भरली. हीच लस आपल्याकडे दीड महिन्याच्या बाळाला सरकारी दवाखान्यात फुकट टोचतात.

म्हणून औषधालाच घाबरायचं का? मुळीच नाही. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत आरोग्यदूत बायांना नवजाताचा जंतुसंसर्ग ओळखून घरीच जेंटामायसिन हे अँटिबायोटिक टोचायला शिकवलं. घरच्या काळजीच्या या सगळ्या कामामुळे नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, असं 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. गरज असेल तिथे हेच औषध जीव वाचवतं.

गरज ओळखायची कशी? बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, पुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जाऊ लागली (जुन्या बाया डबा म्हणतात तो), किंवा बाळाने दूध सोडलं, तर आशाताईला हाक मारा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. पोटावर डाग देणाऱ्याकडे जाऊ नका. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर सांगितले तेवढे दिवस पूर्ण द्या. पाणी घालून कालवलेलं उरलेलं औषध पुढच्या आजारासाठी ठेवू नका, शेजारणीच्या लेकरालाही देऊ नका.