पोरी टिकत नाहीत म्हणे!

समाजाच्या दवाखान्यांची कारभारी मंडळी एकत्र बसली की एक रडगाणं ठरलेलं असतं. 'नर्स पोरी टिकत नाहीत हो. कामाला तयार करावं तर वर्षात सोडून जातात. सेवाभावच राहिला नाही.'

सेवाभाव! डॉक्टरांची फी ठरवताना हा शब्द कुणी काढत नाही. एक्स-रेचं मशीन विकणाऱ्या कंपनीकडे सेवाभाव मागत नाही. मागायचा तो नर्सकडे, कारण ती बाई आहे, आणि बाईच्या कामाचे पैसे मोजायची आपल्याला सवयच नाही. (घरात तरी कुठं मोजतो?)

आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं आपल्या पाठशाळेतलं पोरही घडाघडा म्हणून दाखवतं. म्हणून आपण खाटा देतो, डायलिसिसचं मशीन देतो, भिंतीवर संगमरवरी पाटी लावतो. पण औषध आपण होऊन रोग्याच्या तोंडात जातं काय? सलाईन संपत आलंय हे रात्री दोन वाजता कोण बघतं? नर्सच्या पगारासाठी देणगी दिल्याची पाटी मी तरी अजून पाहिलेली नाही.

पगाराचंच बोलू. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्र सरकारनं समिती नेमली. तिनं सांगितलं, की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयानं नर्सला राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्यावा, आणि पन्नासपेक्षा कमी खाटा असल्या तरी महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत. ही झाली शिफारस. केरळच्या नर्सा रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठं २०१८ मध्ये त्यांच्या राज्यात तेवढ्या किमान पगाराची अधिसूचना निघाली. आपल्या भागातल्या लहान दवाखान्यात काय देतात, ते एखाद्या ओळखीच्या सिस्टरला बाजूला घेऊन विचारा. खालमानेनं सांगेल. तीन वर्षांचं जी.एन.एम. नाहीतर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग करून आलेली पोरगी आहे ती, हे ध्यानात ठेवून ऐका.

आणि नुसता पगारही नाही. अतिदक्षता विभागात एका रोग्यामागं एक नर्स असावी, असं मानक सांगतं. इथं एकटी पोरगी तीन मशीनच्या घंटा ऐकत पळते. मध्येच चादरी मोज, बिलाचे कागद लिही, नातेवाइकांच्या शिव्या खा. डबा तसाच राहतो. पर्युषणात आपण तत्त्वार्थसूत्राचं वाचन भक्तीनं ऐकतो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्यातच आहेत. 'अतिभारारोपण' म्हणजे सोसवेल त्याहून जास्त ओझं लादणं. 'अन्नपाननिरोध' म्हणजे वेळेला खाऊपिऊ न देणं. ते फक्त बैलाबद्दल सांगितलंय, असं वाटतं काय आपल्याला? पाणी गाळून पिणारी माणसं आपण!

मग म्हणे, 'पळून जाऊ नयेत म्हणून सर्टिफिकेटं ठेवून घेतो.' माणसाचे कागद अडकवून काम करून घेण्याला आणखी एक नाव आहे. ते मी इथं लिहीत नाही.

अरुणा शानबाग आठवते? उत्तर कन्नडातल्या हळदीपूरची. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९७३ साली ड्यूटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेली आणि तिथंच तिच्यावर हल्ला झाला. पुढची ४२ वर्षं ती शुद्धीवर अशी आलीच नाही. तिला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, ते तिथल्या नर्सांनी, पिढ्यान् पिढ्या. सेवाभाव कशाला म्हणतात ते त्यांना शिकवायला निघालेल्यांनी आधी एवढं सांगावं: तुमच्या दवाखान्यात रात्रपाळीच्या पोरींना कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आहे काय?

बायांनो, हे तुम्हालाच लिहिते आहे. १२ मे आला की महिला मंडळातून गुलाब आणि ब्लाउजपीस घेऊन आपण नर्सांचा सत्कार करतो, फोटो काढतो. आणि मुलाला स्थळ बघताना 'नर्स नको बाई, रात्रीची ड्यूटी' असंही आपणच म्हणतो. यंदा गुलाब राहू द्या. दवाखान्याचा वार्षिक अहवाल मागा. त्यात खाटा किती ते असतं, देणगीदारांची नावं असतात. नर्सा किती, रात्री किती, पगार किती, हेही छापा म्हणावं. छापणार नसतील, तर आपल्या घरातून जाणारी पुढची देणगी थांबवायला सांगा. चेकवर सही करणारा माणूस जेवायला आपल्याच ताटावर बसतो.