ड्युटीची यादी भिंतीवर लावा



चौमूंत कुणाचा आजार हाताबाहेर गेला की गाडी जयपूरकडे धावते. तीसेक किलोमीटरवर सवाई मानसिंग रुग्णालय आहे, आणि तिथे रात्री दोन वाजता आपल्या माणसाला पहिल्यांदा तपासणारा डॉक्टर बहुधा पंचविशी-तिशीतला रेसिडेंट, म्हणजे निवासी डॉक्टर, असतो. एमबीबीएस झालेला, एमडी नाहीतर एमएस करणारा, विद्यावेतनावर राबणारा. तो त्या वेळी किती तासांचा जागा आहे, हे आपण विचारत नाही. कोविडच्या साथीत ज्युनियर डॉक्टर पार पिचून गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याबद्दल कळवळा व्यक्त झाला, 22 मार्च 2020 ला थाळ्या वाजल्या, 3 मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलेही पडली. पण ड्युटीचे तास किती आणि माणसे किती, हा साधा हिशेब कोणी मागितला नाही. तो इथे राहणाऱ्या आपण मराठी मंडळींनी मागावा, आपल्याच जिवासाठी मागावा, यासाठी हे आवाहन.

पिचण्याचे सगळे खापर विषाणूवर फोडता येत नाही. सरकारी रुग्णालयाचा गाडा पदव्युत्तर शिक्षणाच्या तीन वर्षांच्या तीन तुकड्यांवर चालतो, आणि त्यातही पहिल्या वर्षाच्या मुलामुलींवर सर्वांत जास्त ओझे असते. रक्त काढणे, सलाइन लावणे, रिपोर्ट गोळा करणे, केसपेपर लिहिणे, नातेवाइकांना समजावणे हे सगळे त्यांच्याकडे. 2021 मध्ये ही पहिल्या वर्षाची तुकडी कित्येक महिने आलीच नाही. नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा 18 एप्रिलला व्हायची होती, ती तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली आणि 11 सप्टेंबरला झाली. दुसरी लाट शिखराकडे जात असताना परीक्षा लांबवणे समजण्यासारखे होते. पण त्यानंतर आर्थिक दुर्बल गटाच्या आरक्षणासाठीच्या आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि प्रवेशफेऱ्या सुरू व्हायला 12 जानेवारी 2022 उजाडला. वरची तुकडी परीक्षा देऊन बाहेर पडत होती, खालची येत नव्हती, आणि तिघांचे काम दोघांच्या अंगावर पडले होते. 27 नोव्हेंबर 2021 पासून देशभर निवासी डॉक्टरांनी ओपीडी बंद ठेवली ती याच मागणीसाठी, नवी तुकडी लवकर द्या म्हणून. जानेवारीत तिसरी लाट आली आणि पहिल्याच आठवड्यात एकट्या महाराष्ट्रात दोनशेहून अधिक निवासी डॉक्टर बाधित झाले. उरलेल्यांनी त्यांच्याही ड्युट्या उचलल्या. साथ नैसर्गिक होती. रिकाम्या जागा मात्र कागदावरच्या दिरंगाईतून आल्या होत्या.

नियम नाहीत असेही नाही. निवासी डॉक्टरांना एका वेळी बारा तासांपेक्षा आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम सामान्यतः देऊ नये, असे केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत 1992 पासून लिहिलेले आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2023 च्या नियमांत मात्र आकडा नाही, ‘वाजवी तास’ एवढाच मोघम शब्द आहे. वाजवी म्हणजे किती, हे मग विभागप्रमुखाच्या मर्जीवर. याच आयोगाच्या कार्यगटाने 2024 मध्ये आठवड्याला 74 तासांची कमाल मर्यादा आणि एक सुटी सुचवली. त्याच कार्यगटाच्या ऑनलाइन पाहणीत उत्तर देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे 31 टक्के जणांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. ज्यांना त्रास होतो ते अशा पाहणीला जास्त उत्तरे देतात, हे धरले तरी हा आकडा झोप उडवणारा आहे. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-खून प्रकरणाची सुनावणी करताना, ऑगस्ट 2024 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या अमानुष असल्याचे म्हटले.

आता यात रुग्णाचा काय संबंध? सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष, रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतके ढिले पडतात, असे 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवले. 2004 मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात तुलना झाली. चोवीस तासांहून लांब ड्युट्या करणाऱ्या इंटर्नांच्या हातून, तास कमी केलेल्या इंटर्नांपेक्षा 36 टक्के अधिक गंभीर चुका झाल्या. दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत आपण मुलांना बसवत नाही. तीस तास जागलेल्या डॉक्टरसमोर मात्र त्यांना निमूटपणे झोपवतो, कारण त्याचे जागरण आपल्याला दिसतच नाही.

यावर काही आक्षेप निघतील आणि ते निघायलाच हवेत. ‘आम्हीही असेच शिकलो’ हा ज्येष्ठ डॉक्टरांचा आवडता. त्यांच्या काळात जागरणाने किती चुका झाल्या हे कोणी मोजलेच नाही, तेव्हा त्या झाल्या नाहीत असे म्हणायला आधार कुठला? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ड्युट्या छोट्या केल्या तर रुग्ण वारंवार एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि माहिती गळते. अमेरिकेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लांब ड्युट्यांच्या गटात मृत्यूंचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, हेही खरे. पण त्या चाचणीत दोन्ही गटांना आठवड्याला 80 तासांची मर्यादा आणि एक सुटी होतीच. त्या मर्यादेच्या आत ड्युटी लांब असावी की आखूड, एवढाच वाद होता. जिथे मर्यादा पाळलीच जात नाही तिथे ती चाचणी दाखला म्हणून चालत नाही. ‘साथीत नियम पाळत कोण बसणार’ हा तिसरा. आणीबाणीत चार रात्री जादा काम करायला कोणताही डॉक्टर नाही म्हणत नाही. मात्र आणीबाणी सरल्यावरही तीच यादी चालू राहिली, तर ती आणीबाणी उरत नाही, रिवाज होतो. राहिला समुपदेशनाचा आणि योगाच्या शिबिराचा उपाय. त्याला माझा विरोध नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच बर्नआउटला, म्हणजे कामाने पिचून जाण्याला, आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाशी बांधले आहे. मग औषधही कामाच्या ठिकाणीच, म्हणजे तास आणि माणसे यांतच, द्यावे लागेल. संप करून जागा मिळतात, असा अनुभव आहे. जानेवारी 2023 मध्ये महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेने संप केल्यावर वरिष्ठ निवासी डॉक्टरांच्या 1432 पदांचा विषय मार्गी लागला. प्रत्येक वेळी त्यासाठी ओपीडी बंद पडावी का, हे आपणच ठरवायचे.

आपण ज्या राजस्थानात राहतो तिथे यावर वाट आहे. सरकारी कामावर कोण होते आणि कुणाला किती पैसे मिळाले, ते दाखवा, असे म्हणत मजदूर किसान शक्ती संघटनेने मस्टर रोलच्या, म्हणजे हजेरीपटाच्या, प्रती मागितल्या. 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले. देशाचा माहिती अधिकार त्याच मातीतून वर आला. पुढे रोजगार हमीच्या कामांचे हिशेब इथल्या गावांत भिंतींवर रंगवले गेले. मजुराची हजेरी भिंतीवर लागू शकते, तर डॉक्टरांच्या ड्युटीची यादीही लागू शकते. नावे नकोत. फक्त विभाग, मंजूर पदे, भरलेली पदे, ड्युटी सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, आठवड्याचे एकूण तास. सवाई मानसिंगच्या प्रत्येक वॉर्डाबाहेर आणि चौमूंच्या सरकारी रुग्णालयातही. इथली पदे भरलेली असली तर साध्या तापासाठी जयपूर गाठावे लागणार नाही आणि तिथल्या रेसिडेंटसमोरची रांगही तेवढी घटेल.

आपल्याकडूनही थोडे हवे. खाटेशेजारी एकच माणूस थांबावा. मृत्यू झाला म्हणून वॉर्डात जमाव नेऊ नये. मार्च 2022 मध्ये शेजारच्या दौसा जिल्ह्यात, लालसोटला, बाळंतपणानंतर रुग्ण दगावल्यावर डॉक्टरवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्या डॉक्टरने जीव दिला. चूक झाली असेल तर तक्रार जरूर करावी, लेखी करावी, आणि तिच्यात एक प्रश्न जोडावा: त्या रात्री ड्युटीवरचा डॉक्टर किती तासांपासून कामावर होता?

माहिती अधिकाराचा अर्ज हिंदीत लिहावा, रुग्णालयाच्या लोक सूचना अधिकाऱ्याच्या नावे, दहा रुपये शुल्कासह. मागील तीन महिन्यांच्या ड्युटी-याद्या आणि रिक्त पदांचा तपशील मागावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. एकाच घरातून चार अर्ज गेले तरी बिघडत नाही, पण चार मोहल्ल्यांतून एकेक गेला तर अधिक बरे.