कायद्याला पाणी दिसते, हात दिसत नाही

शिरूर तालुक्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी घोडकाठी बांध घातला, पाट काढला. डेक्कन कॉलेजच्या १९६८ ते १९८३ मधील उत्खननाने ते उजेडात आणले. त्याच मातीतील आजच्या शेतकऱ्याला घरचा मैला कुजवून सोनखत करायचे झाल्यास मात्र आधी कायद्याचे पुस्तक उघडावे लागते.

डोक्यावरून मैला वाहण्याची अमानुष चाल मोडण्यासाठी १९९३ मध्ये केंद्राने कायदा केला. त्यासाठी ठराव करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता, हे भूषणच. पण व्याख्या काय केली? ‘वॉटर-सील’ नसलेला प्रत्येक संडास ‘कोरडा’, म्हणून निषिद्ध! मैला कोण उचलतो, कच्चा उचलतो की कुजलेला, याची चौकशी नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि सोनखत यांची सांगड घातली, ती भंगीमुक्तीच्याच ध्यासाने. त्या वाटेने जाऊन राखमातीत मैला कुजवणारा कोरडा संडास बांधणारा या व्याख्येने वर्षभराच्या कैदेस पात्र ठरला. आणि पाण्याने सेप्टिक टँकमध्ये ढकललेला मैला? तो कायदेशीर! त्या टाकीत उतरणारा माणूस गुदमरून मरतो. गटारमृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर न्यावी लागली.

२०१३ च्या कायद्याने शब्द सुधारले. पूर्ण कुजण्याआधी मैला हाताने काढावा लागत असेल, तरच संडास अस्वच्छ. धोरण मात्र बांधकामापाशीच अडले. २०१४ पासून संडासामागे १२,००० रुपये मिळू लागले. भिंत उभी राहिली, छायाचित्र निघाले, आकडा भरला. शासनमान्य दोन खड्ड्यांच्या संडासातही एक खड्डा बंद ठेवला की खत होते. पण ते काढायचे कोणी? युरियावर अनुदान ओतणाऱ्या सरकारकडे घरच्या सोनखतासाठी दमडी नाही.

‘कोरडा’ हा शब्द ऐकताच दलित कार्यकर्ते सावध होतात, ते रास्तच आहे. बागायतदाराचा खड्डा उपसायला उद्या पुन्हा गावकुसाबाहेरचाच माणूस बोलावला गेला, तर परिसरस्नेही संडास ही जुन्या गुलामगिरीवरची नवी पाटी ठरेल. म्हणून अनुदानाच्या अटीतच लिहिले पाहिजे की, खड्डा घरमालकाने स्वतःच्या हाताने उपसावा आणि खत स्वतःच्या रानात घालावे. हात विटाळतील, ही भीती ज्यांना वाटते त्यांनी अनुदान घेऊ नये. ज्या भूमिहीनाला रानच नाही, त्याचे सोनखत ग्रामपंचायतीने रोख भावाने विकत घ्यावे, आणि तो भाव युरियाच्या अनुदानाकडे बघून ठरवावा.